ऑर्कुटवरचा वर्ग

हरिदासनं नेट कॅफेच्या दाराशी चपला काढल्या तेव्हा नंदिनीला हसू आलं. आज बापाला वाचायला लावायचंच, असं ठरवून तिनं त्याला गडचांदूरच्या बाजारातून इथवर ओढत आणलं होतं.

काउंटरवरच्या जिशाननं खुर्ची पुढे केली. तो मागच्या वर्षापर्यंत तिच्याच वर्गात होता. वडील गेले आणि कॉलेज सोडून त्याला कॅफेत बसावं लागलं.

"बसा हरिदासभाऊ. निवांत वाचा."

पडद्यावर ऑर्कुट होतं. समाजशास्त्राच्या गुणवंतराव सरांनी बी.ए.च्या शेवटच्या वर्षासाठी तिथं चर्चेची कम्युनिटी उघडली होती, म्हणजे याच कॅफेत येऊन उघडून घेतली होती. लिहील त्यालाच अंतर्गत गुण.

वर्गात नोट्स सांगत घड्याळाकडे बघणारे सर तिथं वेगळेच होते. 'खाणीनं गावाला काय दिलं' यावर नंदिनीनं लिहिलं आणि वर्गातले सगळे तिच्यावर तुटून पडले. ती कसली हटते? पोचू, मंगरू, आयत, एकेकाला तिनं मुद्द्यानं नमवलं. गडचांदूरची लाईट गेली की भांडण थांबायचं. चंद्रपूरला राहणाऱ्या सरांचा निवाडाही लाईट आल्यावरच यायचा.

आणि परवा सरांनी लिहिलं होतं, "नंदिनी, तुझ्यासारखी मुलगी घरी बसली तर नुकसान आमचं. एम.ए.ला नागपूरला जा."

बी.ए. झालं की लग्न, हे हरिदासनं पक्कं केलं होतं. त्यानं पडद्यावर बोट ठेवत एकेक शब्द वाचला. मग नकळत हात जोडले.

"सर म्हणते तं जाय," तो म्हणाला.

जिशान दाराबाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात नंदिनीनं पोचूला गाठलं. "नागपूरले चालली मी. तुमच्याशी भांडूनच हिंमत आली."

"कोनाशी भांडून?"

"ऑर्कुटवर. खाणीवरून."

पोचूनं डोकं खाजवलं. "मी तं तिकडे फिरकलोच नाई. जिशानले पासवर्ड देऊन टाकला. साऱ्यायनंच देला."

नंदिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तास बुडवून ती तडक कॅफेत आली.

"पोचू तू, मंगरू तू, आयतही तूच?"

जिशाननं मान खाली घातली. "त्यायले मार्क पाहिजे होते. मले वर्ग पाहिजे होता."

"अन् मी एकटीच येड्यावानी भांडत राह्यली. सरले सांगीन मी."

"नको सांगू."

"सांगीनच. आत्ताच."

ती कालच्याच खुर्चीवर बसली. एकही नाव न गाळता सगळं लिहिलं आणि सरांना पाठवून दिलं. मग हाताची घडी घालून उत्तराची वाट बघू लागली. उत्तर आल्याशिवाय ती हलणार नव्हती. कॅफेत तिसरं कुणी नव्हतं.

काउंटरवरचा कीबोर्ड खटखटला. थांबला. पुन्हा खटखटला.

पडद्यावर सरांचं उत्तर आलं, "मले माफ कर, नंदिनी. पण नागपूरले जाय. ते मी मनातून लिहिलं होतं."