बंद पाकिटातली चाल

“मी दवाखान्यातून येईपर्यंत पाकीट उघडायचं नाही. माझी पुढची चाल आहे त्यात.”

यजमान परत आलेच नाहीत. तेरावं झाल्यावर प्रमिलाताई देवापाशी दिवा लावून मांडलेल्या पटासमोर बसल्या.

लेकीने स्वतःच्या मनाने लग्न केलं, तेव्हापासून यजमानांनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं. प्रमिलाताईंनी रडून विनवलं, तेव्हा एवढंच म्हणाले होते, “बुद्धिबळात मला एकदा हरव, मग जाऊ शरयूकडे. शब्द देतो.”

आठ वर्षं रोज नेमाने एक डाव आणि नेमाने हार. या डावात मात्र घोडा देऊन त्यांनी यजमानांचा राजा कोपऱ्यात कोंडला होता. सुटकेची एकच चाल उरली होती. हत्ती मागे घेतला, की डाव यजमानांचा. आणि ती चाल त्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं.

त्यांनी पाकीट उघडलं.

“हत्तीची चाल दिसली गं. नाही खेळत. हरलो मी. घरी आलो, की दुसऱ्याच दिवशी निघू.”

बऱ्याच वेळाने डोळे पुसून त्यांनी यजमानांचा राजा पटावरून उचलला, रुमालात बांधला आणि पिशवीत ठेवला. दाराला कुलूप घालताना हलकेच म्हणाल्या, “चला.”