खडूची खूण

"एका दिवसात दहा खोकी चुकीची भरली गेली, की गोदामात यंत्रं आणणार," मालकीणबाईंनी बजावलं होतं. धंदा वाढत होता, हात अपुरे पडत होते. मुकादम स्वतःही खोकी भरायला बसत. भरणारा प्रत्येक जण खोक्यावर आपल्या रंगाच्या खडूने खूण करी. गाडी सुटण्याआधी मुकादम सगळी खोकी तपासत, चुका गुपचूप निस्तरत आणि खूण पाहून एकेकाला झापत, "डोळे फुटले का रे? सगळ्यांच्या पोटावर पाय देशील!"

आज चौदा चुका निघाल्या. चौदाही निळ्या खुणेच्या.

"आज किती?" मालकीणबाईंनी दारातून विचारलं.

"एकही नाही," मुकादम म्हणाले आणि निळी झालेली बोटं त्यांनी खिशात लपवली.