सहा पोती वाळू

रूपसिंग वसावेने आपली पिकअप गॅरेजच्या दारातच आडवी घातली. “तुमच्या या शहाण्या स्प्रिंगा काढा, इलियासभाई. माझे जुने लोखंडी पाटे परत बसवा.”

इलियास मिस्त्री पान्हा पुसत बाहेर आला. “तुझी वहिनी पोहोचली का दवाखान्यात?”

“पोहोचली. सातव्या महिन्यात, वाटेतच बाळ झालं. आता ते काचेच्या पेटीत आहे. डोंगरातला एकेक दगड तिच्या पोटात बसला. वजन बघून गाडी स्वतःच मऊ-कडक होते, असं म्हणाला होतात ना?”

इलियासने गाडीच्या पडद्यावर कालची नोंद उघडली. “माल, साडेतीनशे किलो. म्हणून स्प्रिंगा पूर्ण कडक झाल्या.”

“माल? माझी वहिनी माल आहे?”

इलियास गाडीच्या मागे गेला आणि त्याने ताडपत्री उचलली. खाली वाळूची सहा पोती होती. गरोदर बाईला न्यायचं तर आधी गाडीत वाळू भरायची, ही या खोऱ्यातल्या ड्रायव्हरांची रीत. जुने पाटे रिकाम्या गाडीत दणके देत आणि वजनाखाली नरम पडत.

“या नव्या स्प्रिंगांचं उलटं आहे,” तो हळू आवाजात म्हणाला. “वजन दिसलं की या ताठ होतात. रिकामी नेली असतीस तर तिला वाटेत झोप लागली असती.”

रूपसिंगने त्याच्या हातातला पान्हा हिसकावून फरशीवर आपटला.

“मग काल ही पोती चढवताना दुसरं टोक धरून तुम्ही काय करत होतात?”