अंगणातला चढ

मंगरूळपीरला सिमेंटचा उंच रस्ता झाला आणि भागचंदजींचं अंगण खड्ड्यात गेलं. तेव्हापासून त्यांची जुनी, लहानगी कार रस्त्यावर चढवायची म्हणजे रोजचा सोहळा. त्यांची बायको गुलाबबाई चढाच्या टोकावर, गाडीसमोर उभ्या राहायच्या, येणाऱ्या-जाणाऱ्यांना हाताने थांबवायच्या आणि ओरडायच्या, "दाबा! आणखी दाबा!" भागचंदजी ॲक्सिलरेटर तळाला टेकवायचे, तेव्हा कुठे गाडी कण्हत वर यायची.

म्हणून पारसने सर्व्हिसिंगचं निमित्त काढलं आणि बापाला न सांगता तिच्यात नव्या, मोठ्या गाडीचं इंजिन बसवून आणलं.

"पारसभाऊ, आता नुसता पाय ठेवला तरी उडते हे गाडी," हरीओम मिस्त्रीने बजावलं होतं. "बाबूजीले आधी समजावून सांगजा."

"सकाई सांगतो. पह्यले त्याइचं तोंड तर पाहू दे!"

सकाळी पारस मागच्या मोरीत दात घासत होता. पुढे अंगणात गाडी सुरू झाली.

"अवं, एका चावीत सुरू झाली आज! जाय वरते, उभी राह्य!"

"आज तरी चढन काय तुमचं ठोकळं?" आई हसत म्हणाली.

पारसही हसला.

मग त्याच्या हातातला ब्रश गळून पडला. "बाबूजी, थांबा!" तो ओरडत धावला. मोरीपासून अंगणापर्यंत घर लांबच लांब होतं, आणि इंजिनाच्या आवाजात त्याचं त्यालाच ऐकू येत नव्हतं.

ऐकू आला तो फक्त रस्त्यावरून, गाडीच्या अगदी समोरून, आईचा रोजचा आवाज.

"दाबा!"