देवरीकडचं टोक

देवरीच्या संगणक केंद्रातून जंगलातल्या एका शाळेपर्यंत बिनतारी इंटरनेट न्यायचं होतं. उमेंद्र शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीवर चढून सिग्नल पकडणारा रेडिओ बसवत होता. दुसरा रेडिओ देवरीत, केंद्राच्या गच्चीवर होता आणि तो फिरवायला तिथली नीतू उभी होती. मधे धुक्यात बुडालेलं सागाचं रान. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. मोबाईल कानाला लावून ते दोन्ही रेडिओंची तोंडं समोरासमोर आणत होते.

“जरासा डावीकडे घ्या जी,” उमेंद्र म्हणाला.

“आता?”

“सिग्नल येऊन राहिला... गेला. हळू. बस, आता हलवू नका.”

सिग्नल पूर्ण आला. काम संपलं, तरी बराच वेळ कोणीच फोन ठेवला नाही. दोघंही आपापल्या उंचीवरून धुक्याकडे पाहत राहिले.

आठवड्याने नीतूचा फोन आला. “लिंक बंद पडली जी. तुमालेच यावं लागते.”

उमेंद्र देवरीला पोचला. ती गच्चीच्या दारातच उभी होती.

“लिंक चालूनच राहिली,” ती खाली बघत म्हणाली. “मी खोटं बोलली.”

“मालूम आहे,” उमेंद्र म्हणाला. “शाळेत नेट चालूच होतं. म्हणून तं अवजारं आणलीच नाही.”