बाहेरची कडी

आत्मचरित्राच्या मुखपृष्ठासाठी फोटोग्राफर आला होता. संगीतकार नवरा पियानोवर हात ठेवून ऐटीत सांगत होता, “याच खोलीत स्वतःला कोंडून घेऊन मी दारू सोडली. एकट्यानं! बायकोसुद्धा माहेरी निघून गेली होती. सगळं पुस्तकात लिहिलंय.” दारात उभ्या बायकोच्या तळपायाची आग मस्तकात गेली. माहेरी? याच दाराला बाहेरून पाठ लावून ती बसायची. आतून शिव्यांचा भडिमार व्हायचा, लाथांनी दार हादरायचं. तिनं उघडलं नव्हतं. फोटोग्राफर दारातून फोटो घ्यायला बाहेर आला. “सर, कडी तर बाहेरून आहे?” “सुतारानं चुकून बसवली असेल.” सुतारानं? कडीचे वाकडेतिकडे स्क्रू तिनं स्वतः पिळले होते. तिनं दार ओढलं, खाडकन कडी घातली. “अगं, उघड!” आतून लाथ बसली. “आता काढा फोटो,” ती म्हणाली. “आणि खाली लिहा, बायको माहेरी गेलीय.”