साठच्या खाली

“चौऱ्याऐंशी,” ग्रेडी फोनवर म्हणाला. “गेल्या गुरुवारपेक्षा तीननं जास्त.”

लेसीनं ओपलला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. “यंत्र चालू आहे ना?”

“चालू आहे. बादली भरून वाहतेय. तुळयांवर परत पांढरी बुरशी धरलीय.”

“घासली होतीस ना ती?”

“दोनदा. झरोके उघडे होते, लेसी. पुन्हा.”

कोणी उघडले, हे विचारायची गरज नव्हती.

न्यू बर्नमधलं ते घर ग्रेडीच्या आईचं, मिस व्हर्नाचं. खाली विटांचं जोतं, आणि माती व लाकडी फरशी यांच्यामध्ये माणूस सरपटत जाईल एवढीच पोकळी. जोत्याला बारा झरोके. मिस व्हर्ना चाळीस वर्षं ते ईस्टरला उघडत आली होती आणि हिवाळ्याच्या तोंडावर पिकानची, अक्रोडासारखी, फळं गळायला लागली की बंद करत आली होती. घरालाही श्वास लागतो, म्हणायची. नदीवरची ओली हवा आत शिरते, गार नळांवर तिचा घाम धरतो आणि तो लाकडात मुरतो, हे तिला समजावताना लेसीच्या तोंडाला फेस आला होता.

मे महिन्यात ओपलच्या छातीत घरघर सुरू झाली. घराखालचा दमटपणा साठ टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत पोरीला तिथं ठेवू नका, डॉक्टर म्हणाले. ओपल तेव्हा सहा महिन्यांची. लेसी तिला घेऊन विल्मिंग्टनला आपल्या आईकडे आली. दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे, ग्रेडीनं सांगितलं होतं. त्यानं झरोक्यांवर फोमच्या फळ्या ठोकल्या, मातीवर जाड प्लास्टिक अंथरलं, हवेतली ओल ओढणारं यंत्र बसवलं. दर गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत तो खाली उतरायचा आणि बरोबर बाराला तिथूनच फोन करायचा. रविवारी येतो म्हणायचा. मग लाकडाच्या वखारीत जादा काम निघायचं.

ऑगस्ट आला. ओपलला दोन दात आले, ती रांगायला लागली. बाबा म्हटलं की ती फोनच्या काचेवर थापट्या मारायची.

लेसीनं सासूला फोन लावला.

“मिस व्हर्ना, झरोक्यांना हात लावू नका, एवढंच मागितलं होतं मी.”

पलीकडे शेंगा सोलल्याचा आवाज थांबला. “मी हात लावलेला नाही.”

“मग आपोआप उघडले?”

“माझे गुडघे पाहिलेयस ना? मला वाकून बूट घालता येत नाही, पोरी.”

“ईस्टरला बरं वाकता आलं.”

पलीकडे शेंगा सोलायचा आवाज पुन्हा सुरू झाला. “तुला यायचं असेल तेव्हा ये. घर तुझंही आहे. मी कुणाची वाट अडवलेली नाही.”

टोमणा मारायचीही एकेकाची रीत असते, असं म्हणत लेसीनं फोन ठेवला.

“न सांगता जा,” लेसीची आई ओपलला केळं कुस्करून भरवत म्हणाली. “रंगेहाथ धर तिला. पोरीला मी बघते. हिला केळं मिळालं की आई कोण नि काय.”

पुढच्या गुरुवारी साडेअकराला लेसीनं गाडी न्यू बर्नमध्ये, घराजवळच्या चर्चच्या मागे लावली. एवढा वेळ ती ओपलपासून कधी लांब राहिली नव्हती. दूध दाटून छाती दुखत होती. कुंपणाच्या कडेनं जाऊन तिनं झरोके मोजले. बाराही बंद. खिळे जागच्या जागी, फळ्यांच्या कोपऱ्यांत कोळ्यांची जाळी.

मागच्या बुटक्या दारातून ती आत सरपटली. दारातच नाकात शिरणारा तो जुन्या पोत्यासारखा वास आज नव्हता. यंत्र मंद घुमत होतं. तिनं प्लास्टिकवर तळवा टेकला. तळव्याला कोरडी धूळ लागली. तुळया मधासारख्या स्वच्छ. खिळ्याला टांगलेल्या, ओल मोजणाऱ्या मीटरवर तिनं फोनचा उजेड धरला.

शेहेचाळीस.

तिनं मीटर खिळ्यावरून काढून हातात घेतलं, पुन्हा वाचलं. शेहेचाळीसच.

म्हणजे म्हातारीनं या आठवड्यात ऐकलं तर. लेसीला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं. वर स्वयंपाकघरात मिस व्हर्नाची पावलं जड-जड फिरत होती. वर जाऊन तिची माफी मागायची, पण ते नंतर. आधी ग्रेडीचा चेहरा बघायचा. तो वाकून दारातून आत येणार, आणि समोर ही. संध्याकाळी दोघं मिळून ओपलला आणायला जाणार. पाळणा खिडकीपासून जरा लांब सरकवायचा, बस.

तिनं उजेड बंद केला आणि दाराकडे तोंड करून पालथी पडून राहिली. दारातून उन्हाचा चौकोन आत पडला होता. त्यात कुणाची सावली आली नाही.

बाराला फोन थरथरला. तिनं तोंडावर हात धरून हसू दाबलं.

“कुठं आहेस?” ती कुजबुजली.

“कुठं असणार? घराखाली,” ग्रेडी म्हणाला. “सत्याऐंशी झालंय, राणी. अंगावरचे कपडे चिखलानं भरलेत माझे. तुम्ही दोघी आणखी महिनाभर तिकडेच राहा.”